घरच्या टेबलावर, चाकाशिवाय एक मग: माती आणण्यापासून ग्लेझपर्यंत

पॉटरी म्हटलं की सगळ्यांना चाकच आठवतं. वीकेंड वर्कशॉपला जायचं, दोन तास चाकावर बसायचं, शेवटी शिकवणारी मॅडमच हात लावून वाटी वर काढून देते, फोटो मस्त येतो, आणि घरी आल्यावर पुढे काय करायचं ते कळत नाही कारण घरी चाक कुठे असतं. चाक शिकायचंय तर जरूर शिका, पण छंद म्हणून सुरुवात करायला तो सगळ्यात महाग आणि वेळखाऊ रस्ता आहे. लाटणं, दोन लाकडी पट्ट्या आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग एवढ्यात रोज चहा पिता येईल असा मग होतो. इथे मी तो एकच मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवणारे, वाट्या प्लेट्या कुंड्या सगळं त्यातूनच पुढे जमतं.

एक गोष्ट आधीच सांगते. यात आकार देणं हा सोपा भाग आहे, अवघड आहे ते पाणी सांभाळणं. माती आत्ता किती ओली आहे, जोडायचे दोन तुकडे सारखेच ओले आहेत का, आतलं पाणी कुठून आणि किती वेगाने बाहेर पडतंय, सगळं इथे येऊन थांबतं. तडा गेला, तोंड वाकडं झालं, कान सुटला, भट्टीत फुटलं, बहुतेक वेळा कारण पाणीच असतं.

आधी भट्टी ठरवा, मग माती

बरेच जण आधी ऑनलाइन माती मागवतात, वस्तू करून ठेवतात आणि मग भाजून कोण देईल म्हणून फिरतात. उलटं करा. घरच्या ओव्हनमध्ये हे काम होत नाही, तो जेमतेम २५० डिग्रीपर्यंत जातो आणि आपल्याला मग दोनदा भाजायचाय, आधी कोरा १००० ला आणि नंतर ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) लावून १२०० च्या वर. म्हणून पहिला फोन जवळच्या पॉटरी स्टुडिओला. बरेच स्टुडिओ बाहेरच्यांच्या वस्तू भाजून देतात, कोणी वजनावर पैसे घेतं, कोणी भट्टीच्या शेल्फवर किती जागा अडते त्यावर. त्यांना विचारा की ग्लेझची भट्टी किती डिग्रीला लावता, भट्टी इलेक्ट्रिक आहे की गॅसची, आणि कोणती माती चालते. शक्य असेल तर मातीही त्यांच्याकडूनच घ्या, त्यांच्या भट्टीत ती कशी वागते हे त्यांना माहीत असतं.

तिथे ‘कोन’ हा शब्द कानावर पडेल. कोन म्हणजे खास मिश्रणाचा छोटा सुळका, भट्टीत ठेवतात आणि ठरावीक उष्णता पोचली की तो वाकतो. कोन ०६ म्हणजे साधारण १००० डिग्री, कोन ६ म्हणजे १२२० ते १२४०, कोन १० म्हणजे १२८० ते १३००. त्या शून्याकडे नीट बघा, ०६ आणि ६ यांच्यात दोनशेच्या वर डिग्रींचा फरक आहे आणि ग्लेझच्या डबीवर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

नियम एकच: माती, ग्लेझ आणि भट्टी तिघांचं तापमान जुळलं पाहिजे. कुंभाराकडची लाल माती १२२० च्या भट्टीत गेली तर ती बसते, फुगते, वितळून शेल्फला चिकटते, आणि शेजारी दुसऱ्यांच्या वस्तू असतात त्यांचंही नुकसान. त्यामुळे स्टुडिओला खोटं सांगून काहीही आत सरकवायचं नाही.

आता माती कोणती. लाल माती, म्हणजे टेराकोटा, साधारण ९०० ते ११०० डिग्रीत भाजतात. धारावीच्या कुंभारवाड्यात पणत्या होतात त्या याच प्रकारातल्या. भाजल्यावरही ती सच्छिद्र राहते, म्हणून तर माठातलं पाणी पाझरतं आणि गार होतं. माठाला जे हवं तेच मगाला नको. मगासाठी स्टोनवेअर घ्या, ती १२०० च्या वर भाजली की घट्ट होते आणि पाणी जवळजवळ पीत नाही. आजीची लोणच्याची बरणी असेल तर ती उलटी करून बघा. वर तपकिरी, खाली पांढुरकी, मध्ये जिथे दोन रंग भेटतात ती बुडवल्याची रेघ, आणि बुडाला एक खरखरीत बिनचकाकीचं कडं. ती स्टोनवेअरच आहे, मीठ आणि आंबट वर्षानुवर्षं झेलते. ते बुडाचं कडं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. पोर्सिलेन सुंदर दिसते पण नवख्या हाताला फार त्रास देते, नंतर बघू. शाडूच्या मूर्ती कच्च्याच रंगवतात, त्या भाजत नाहीत, तेव्हा गणपतीतली उरलेली शाडू इथे वापरायची नाही. आणि दुकानात ‘एअर ड्राय क्ले’ मिळते ती शोपीसला ठीक, तिच्यात चहा ओतायचा नाही, ओतलात तर विरघळायला लागेल.

सुरुवातीला १० किलो भरपूर झाली. एका मगाला साधारण ४०० ग्रॅम लागते, बाकीची वाया जाण्यात आणि परत मळण्यात फिरत राहते. पिशवीचं तोंड घट्ट बांधून सावलीत ठेवा.

हत्यारं

यावर पैसे उडवू नका. लाटणं (पोळ्यांचं परत वापरायचं नाही, वेगळं घ्या), ५ मिलीमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, जुन्या सुती साडीचा किंवा चादरीचा तुकडा, कापायला मासे धरायची नायलॉन दोरी आणि तिच्या दोन टोकांना दोन बटणं, जुनं एटीएम कार्ड, जुना टूथब्रश, एक काटा, स्पंज, पातळ सुरी, बारीक ब्रश. शिवाय ७५ मिलीमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, प्लंबिंगच्या दुकानात कापून मिळतो.

आणि दोन बादल्या. हे महत्त्वाचं, कारण मातीचे हात बेसिनमध्ये धुतले की पाइपच्या वळणात माती बसते आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. पहिल्या बादलीत हात आणि हत्यारं धुवायची, दुसऱ्या स्वच्छ बादलीत विसळायची. रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पाणी काढायचं, गाळ परत मातीत.

धूळ उडू द्यायची नाही. मातीत सिलिका असते आणि तिची बारीक कोरडी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. कोरडा झाडू नाही, टेबल झटकणं नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. ग्लेझची पावडर हाताळताना एन-९५ मास्क. घरात लहान मूल असेल तर स्वयंपाकघराऐवजी गॅलरीत बसा.

मळणं

पिशवीतल्या मातीत वरचा थर कोरडा आणि आतला ओला असं होतं, ते एकसारखं करायला मळायचं. कणीक मळताना आपण घडी घालतो आणि हवा आत अडकते तरी चालतं, इथे घडी घालायची नाही, गोळा पुढे ढकलायचा, मागे ओढायचा, थोडा फिरवायचा, परत ढकलायचा. २०-३० वेळा झालं की दोरीने मधोमध कापून बघा. कापलेला भाग एकसारखा दिसला, भोकं नाहीत, रंगाचे पट्टे नाहीत, म्हणजे झालं.

हवेच्या बुडबुड्याने भट्टीत वस्तू फुटते असं सगळीकडे सांगतात. फोडते ती वाफ. वस्तू पूर्ण कोरडी असेल तर बुडबुडा असूनही ती वाचते, आणि ओली असेल तर एकही बुडबुडा नसताना फुटते. बुडबुड्याने जागा कमजोर होते, फोड दिसतो, म्हणून तो नको, एवढंच.

मापं

माती सुकताना आणि भाजताना आकसते. स्टोनवेअर एकूण १० ते १२ टक्के, नेमका आकडा विकणाऱ्याला विचारा. मी १२ धरून हिशोब देते. तयार मग ९.५ सेंटीमीटर उंच हवा असेल तर ओला १०.८ करायचा (९.५ भागिले ०.८८). पाइपवर वर्तमानपत्राचे वेढे गुंडाळून त्याची रुंदी ८ सेंटीमीटर करा, भाजल्यावर आतली रुंदी ७ येईल आणि मगात काठोकाठ साधारण ३५० मिली मावेल. चहाला थोडं मोठं वाटेल पण कटिंगएवढा मग करायला दुप्पट अवघड जातो. विश्वास ठेवा.

लाटणं आणि उभारणं

कापडावर गोळा ठेवा, तळव्याने थापून चपटा करा, दोन्ही बाजूंना पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवर टेकेपर्यंत लाटा. एकाच दिशेने लाटत राहिलं तर माती त्या बाजूला ताणली जाते आणि सुकताना परत मागे यायला बघते, मग तोंड वाकतं. म्हणून तीन-चार वेळा लाटलं की कापडासकट उचलून उलटा, पाव फेरा फिरवा, परत लाटा. शेवटी एटीएम कार्डाच्या कडेने दोन्ही बाजू दाबून घासून घ्या. फुकटचं काम वाटतं पण याने माती दाबली जाते आणि बुडाला तडे जाणं खूप कमी होतं.

कापायला घाई करू नका. लाटलेला पत्रा उचलला तर लुळा पडतो तोवर ठेवून द्या, थोडा ताठ झाला की कागदी साच्यावरून कापा: २८ बाय १०.३ ची पट्टी (बुडाची अर्धा सेंटीमीटर जाडी वजा करून) आणि ९.५ सेंटीमीटर रुंदीची चकती. हवा कशी आहे त्यावर हा वेळ ठरतो, मे महिन्यात पुण्यात पंख्याखाली अर्ध्या तासात माती ताठ होते आणि जुलैत कोकणात दुसऱ्या दिवशीही गारच लागते.

पट्टीची दोन्ही टोकं सुरी तिरकी धरून कापा, विरुद्ध दिशांना, म्हणजे एकावर एक बसली की जाडी वाढत नाही. पाइपवर गुंडाळा, जास्तीचं कापा. आता जोड. दोन्ही बाजूंना काट्याने आडव्या उभ्या रेघा खोल मारा, मग स्लिप लावा. स्लिप म्हणजे त्याच मातीचा पाण्यात केलेला चिखल, बोटाला लावला तर ओघळू नये इतका घट्ट, त्यात चमचाभर व्हिनेगर टाकतात काही जण, चालतं. दाबा, थोडं डावी-उजवीकडे हलवा, आतली हवा आणि चिखल बाहेर येईल तो ब्रशने पुसा. जोडावर कार्ड फिरवून रेघ बुजवा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला जोड आज चिकटलेला दिसतो आणि सुकल्यावर सरळ रेषेत उघडतो.

नळी चकतीवर अशीच रेघा आणि स्लिप लावून बसवा, आणि बसली की पाइप लगेच काढा. माती आकसते, पाइप आकसत नाही, रात्रभर आत राहिला तर सकाळी मग उभा चिरलेला मिळेल. वर्तमानपत्र मातीला चिकटून राहिलं तरी हरकत नाही, ते नंतर सोलून निघतं, उरलं तर भट्टीत जळतं. मग आतल्या कोपऱ्यात, जिथे भिंत आणि बूड भेटतात तिथे, मातीची बारीक दोरी वळून ओल्या ब्रशच्या दांड्याने दाबून बसवा. बाहेर आलेली चकतीची कडा कापा. ओठाची कडा ओल्या स्पंजने गोल करा, कारण तिथे तोंड लागणारे, आणि धारदार कडेवर ग्लेझही टिकत नाही.

कान

मगाचा कान म्हणजे नकटीच्या लग्नातली सगळी विघ्नं. मग ताठ झालेला असतो, आपण ताज्या ओल्या मातीचा कान लावतो, कान जास्त आकसतो आणि जोडापाशी केसासारखी चीर पडते. उपाय सोपा आहे, कान मगाबरोबरच करायचा. पत्रा लाटतानाच दीड-दोन सेंटीमीटरची पट्टी कापा, कडा ओल्या बोटाने गोल करा, वळवून बाजूला ठेवा म्हणजे दोघं बरोबर सुकतात. बोटाने दाबलं तर वाकत नाही पण नखाने ओरखडा निघतो, ही वेळ जोडायची, स्टुडिओत याला ‘लेदर हार्ड’ म्हणतात. तीन बोटं आत जातील एवढी जागा ठेवा, आकसल्यावर अडीच बोटांची होते. लावून झाला की समोर नजरेच्या पातळीला धरून मागून पुढून बघा, तिरका बसलेला कान आयुष्यभर डोळ्यात खुपतो.

जोडलं की प्लास्टिकच्या पिशवीत अख्खा मग रात्रभर ठेवा. आतल्या आत ओल सारखी होते. दुसऱ्या दिवशी पिशवीचं तोंड थोडं उघडा, नंतर कानाभोवती फक्त प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली राहू द्या, कारण कान बारीक आहे आणि तो आधी सुकतो. काठ ताठ झाला की मग उलटा करून ठेवा म्हणजे बूडही सुकेल, खाली वर्तमानपत्र किंवा जाळी. पंखा, ऊन, हेअर ड्रायर काही नको. कमीत कमी आठवडा द्या, पावसाळ्यात दोन.

सुकला का हे ओळखायला गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे. खोलीइतकाच कोमट लागला आणि रंग सगळीकडे फिकट दिसला की झाला. खडबडीत कडा सँडपेपरने घासायच्या नाहीत, धूळ, ओला स्पंज फिरवा आणि परत सुकू द्या.

या अवस्थेत तो सगळ्यात नाजूक असतो. कानाला किंवा ओठाला धरून उचलायचा नाही, खालून दोन्ही हातांनी. स्टुडिओत न्यायचा तर टॉवेलात गुंडाळून खोक्यात, आणि खोकं मांडीवर. स्कूटरच्या डिकीत कच्चा मग आणि मध्ये आपल्याकडचे स्पीडब्रेकर, पोचेपर्यंत पावडर होईल. तुटलाच तर टाकू नका. पूर्ण सुकलेली माती बादलीत पाण्यात सोडली की आपोआप सुटते, अर्धवट ओली मात्र गोळ्यागोळ्यांनीच राहते, म्हणून आधी खडखडीत सुकवायची आणि मगच भिजवायची. तो चिखल जाड सुती कापडावर पसरून सुकवला की परत मळायला तयार.

पहिली भट्टी

हे काम स्टुडिओ करतो पण आत काय होतं ते माहीत असलं की त्यांनी चार दिवस लावले तर आपण वैतागत नाही. शंभर डिग्रीच्या आसपास उरलंसुरलं पाणी वाफ होऊन जातं, म्हणून सुरुवातीचे काही तास भट्टी अगदी हळू चढवतात, कधी रात्रभर ८०-९० वर ठेवतात. साधारण ३५० ते ६०० च्या मध्ये मातीच्या कणांत रसायन म्हणून बांधलेलं पाणी निघतं, इथून पुढे तिचा परत चिखल होत नाही. ५७३ ला मातीतल्या क्वार्ट्झचे, म्हणजे सिलिकाच्या स्फटिकांचे, कण अचानक फुगतात आणि थंड होताना त्याच आकड्याला आकसतात, त्यामुळे वर जाताना आणि खाली येतानाही तिथे घाई चालत नाही. मग हजारापर्यंत. थंड व्हायला चढण्याइतकाच किंवा जास्त वेळ, शंभरच्या खाली आल्याशिवाय भट्टी उघडायची नाही.

बाहेर येतो तो बिस्क. टणक पण तहानलेला. जिभेचं टोक लावलं तर चिकटतं, आणि याच तहानेवर ग्लेझ चालतं.

ग्लेझ

ग्लेझ म्हणजे मातीवर वितळवलेली काच. काच होते सिलिकापासून, पण ती एकटी १७०० च्या वर वितळते, तिथवर आपली भट्टी जात नाही आणि गेली तर मगच उरणार नाही. म्हणून तिला लवकर वितळवणारे पदार्थ घालतात, चॉक, फेल्डस्पार, बोरॉनची फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) वगैरे. आणि वितळून सगळं खाली ओघळू नये म्हणून अ‍ॅल्युमिना, तो चायना क्लेमधून मिळतो. जुनी एक रेसिपी सगळ्या स्टुडिओत चालते, ४० भाग फेल्डस्पार, ३० क्वार्ट्झ, २० चॉक, १० चायना क्ले. कोन १० ला पारदर्शक चकचकीत येतं. हीच कोन ६ च्या भट्टीत घातलीत तर नीट वितळणार नाही, खरखरीत दुधाळ राहील. त्यात १ टक्का कोबाल्ट घातलं की गडद निळा, ८ ते १० टक्के आयर्न ऑक्साइड घातलं की काळपट तपकिरी आणि कडांवर गंज रंग. गॅसच्या भट्टीत हवा कमी करून भाजतात तेव्हा तांब्यापासून लाल येतो, इलेक्ट्रिकमध्ये तेच तांबं हिरवं राहतं. भट्टी कशाची ते आधी विचारायला सांगितलं होतं ते यासाठी.

पहिल्या मगाला मात्र रेसिपीच्या नादी लागू नका. आपल्या तापमानाचं, जेवणाच्या भांड्यांना चालेल असं लिहिलेलं तयार ग्लेझ घ्या. शिशाचं ग्लेझ कितीही स्वस्त आणि चकाकणारं मिळालं तरी खाण्यापिण्याच्या वस्तूला नाही म्हणजे नाही. शोपीसचे मेटॅलिक रंगही मगाच्या आत नको.

पावडर असेल तर आधी पाणी, त्यावर पावडर, तासभर भिजू द्या, ढवळा, ८० मेशच्या (इंचाला ८० भोकं असलेल्या) चाळणीतून दोनदा गाळा. किती पातळ हे डोळ्याने ठरवायचं नाही. किचनच्या काट्यावर भांडं ठेवून शून्य करा, १०० मिली ग्लेझ मोजून ओता, वजन १४० ते १५० ग्रॅम आलं पाहिजे. जास्त आलं तर पाणी, कमी आलं तर थोडा वेळ ठेवून वर आलेलं पाणी काढा. वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी हाच आकडा पकडायचाय.

मगावर लावायच्या आधी तुकड्यांवर लावून बघा. मग करताना उरलेल्या मातीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून, खाली वळवून उभ्या राहतील अशा करून, बरोबरच बिस्क करून घ्या. एकीवर एक थर, दुसरीवर दोन, तिसरीवर वरच्या अर्ध्यात दुसरा रंग. डबीवरचा फोटो दुसऱ्याच्या मातीवरचा आणि दुसऱ्याच्या भट्टीतला असतो, तो आपल्याला तसाच येईल ही आशा धरू नका. छंद म्हणून पॉटरी करणाऱ्यांत हा टप्पा गाळणारे सगळ्यात जास्त असतात आणि रंगावर नाराज होणारेही तेच.

आता लावणं. हात साबणाने धुवा, तेलाचा हात लागला तर तिथे ग्लेझ चिकटत नाही, तासभर आधी वरणाला फोडणी घालून आला असाल तर दोनदा धुवा. ओल्या स्पंजने मगाची धूळ पुसून एक दिवस सुकू द्या. बुडाला आणि बुडापासून ३ मिलीमीटर वरपर्यंत मेणाचा थर लावा, स्टुडिओत त्यासाठी पातळ वॅक्स मिळतं. हेच ते बरणीचं कडं. ग्लेझ काच आहे, बुडाला राहिली तर मग शेल्फला कायमचा चिकटतो आणि छिन्नीने काढावा लागतो.

आधी आतून. ग्लेझ ढवळा (प्रत्येक वेळी ढवळा, खाली बसतं ते), अर्धा मग भरा, फिरवत फिरवत ओता म्हणजे सगळीकडे लागेल, तीन-चार सेकंदात रिकामा. थोडा वेळ थांबा कारण भिंतीने पाणी प्यायलंय आणि ओली भिंत बाहेरून ग्लेझ ओढत नाही. मग उलटा धरून बूड पकडून सरळ खाली बुडवा, तीन आकडे मोजा, वर काढा, झटका. सरळ उलटा गेला की आतली हवा ग्लेझ आत येऊ देत नाही. बुडवण्याइतकं ग्लेझ नसेल तर ब्रशने तीन पातळ थर, एकेक सुकल्यावर पुढचा, दिशा बदलून. सुकल्यावर सुईने टोचून जाडी बघा, एक मिलीमीटरच्या आसपास हवी. बोटांचे ठसे राहिले तिथे ब्रशने थेंब लावून बोटाने हलकेच घासा. वॅक्सवर बसलेले थेंब स्पंजने पुसा. दोन रंग एकावर एक असतील तर वरच्या तिसऱ्या भागातच ठेवा, जिथे दोन मिळतात तिथे ते जास्त पातळ होऊन ओघळतात.

बाहेर आल्यावर

ग्लेझ गोळा होऊन मध्ये उघडी माती दिसत असेल तर धूळ, तेल किंवा फार जाड थर. टाचणीएवढी भोकं असतील तर बिस्क कमी भाजलेला किंवा शेवटच्या तापमानाला भट्टी थोडा वेळ धरून ठेवली नाही. ग्लेझमध्ये जाळीसारख्या रेषा, आणि भट्टीतून काढल्यावर दिवसभर टिंग टिंग आवाज, म्हणजे ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय, दोघांची जोडी जमत नाही, ग्लेझ बदला. अशा रेषा शोपीसवर छान दिसतात पण मग कमजोर होतो आणि चहाचे डाग आत बसतात. उलट कडेवरून ग्लेझचे धारदार कपचे सुटत असतील तर तो मग पिण्यासाठी अजिबात वापरायचा नाही.

बूड ओल्या सँडपेपरने पाण्याखाली घासून घ्या, नाहीतर टेबलावर ओरखडे. आतल्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा, सकाळी तिथला रंग किंवा चकाकी बदलली असेल तर तो पेन ठेवायला. बदल दिसला नाही म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असं नाही, पण वाईट ग्लेझ यात लगेच पकडलं जातं. दुसरी परीक्षा, मग पाण्याने भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. कागदावर ओला गोल उमटला तर माती पूर्ण भाजली गेलेली नाही, असा मग मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, भिंतीत मुरलेलं पाणी तापून कान हाताला चटका देतो. स्टुडिओला दाखवा, पुढच्या भट्टीत थोड्या वरच्या तापमानाला परत लावता येतो का ते तेच सांगतील.